कमी नको, जास्तही नको

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गावचं पोस्ट गुरुजींच्या ओसरीत होतं. गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं, आताच्या लोहारा तालुक्यातलं. सकाळी शाळेआधी दोन तास आणि शाळा सुटल्यावर दोन तास ओसरीत लाकडी पेटी उघडायची, शाईचा पॅड आणि शिक्के बाहेर यायचे, आणि शाळेतले गुरुजी पोस्टमास्तर व्हायचे. अब्बा भिवंडीला यंत्रमागावर होते. त्यांची मनिऑर्डर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात यायची, त्यामुळे त्या ओसरीशी आमच्या घराचं नातं चुलीइतकंच जवळचं होतं.

मी आठवीत असेन. अम्मीनं आंतरदेशीय पत्र आणायला पाठवलं होतं. गुरुजी रोकड मोजत बसले होते. एकदा मोजली, दोनदा मोजली, तिसऱ्यांदा नाणी रांगेनं लावून मोजली. चेहरा उतरलेला. मला वाटलं, पैसे कमी भरले. पण हिशेबापेक्षा तीन रुपये जास्त निघाले होते. मी शहाणपणानं म्हणालो, "गुरुजी, राहू द्या की बाजूला. उद्या कमी पडले तर कामाला येतील."

गुरुजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "अरे, हेच तर करायचं नसतं," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ज्यांना ज्यांना पैसे दिले होते त्या सगळ्यांच्या दारी ते जाऊन आले. तीन रुपये कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात ते वेगळे दाखवून सरकारात जमा झाले.

पुढे बी.ए. करताना आणि कवितेच्या नादानं शब्दांच्या मागे लागल्यावर मला या प्रसंगाचा उलगडा एका शब्दात सापडला. तो शब्द अफरातफर. आपण तो चोरी, अपहार या अर्थानं वापरतो. पण मुळात ते दोन अरबी शब्द आहेत, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेले: इफरात आणि तफरीत. इफरात म्हणजे जास्ती, तफरीत म्हणजे कमी. पेटीत कमी निघालं तर अफरातफर हे कुणालाही कळतं. पण जास्त निघालं तरी अफरातफर, हे ज्यांनी शब्द घडवला त्यांना ठाऊक होतं आणि आमच्या गुरुजींना ठाऊक होतं. पैशाच्या कारभारातले आपले कितीतरी शब्द तिकडूनच आले आहेत. हिशेब, जमा, वसूल, जामीन, खजिना, अमानत. घरी दख्खनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्याला या वहीखात्यात कधीच परकं वाटलं नाही.

टपाल खात्याचे पैशाचे नियम या दोन शब्दांभोवतीच फिरतात. कमी भरलं तर ज्याच्या ताब्यात रोकड, त्यानं ते तिथल्या तिथे भरायचं. जास्त निघालं तर ते हिशेबात दाखवून जमा करायचं, उद्याच्या तुटीसाठी लपवून ठेवायचं नाही. स्वतःचा पैसा आणि पोस्टाचा पैसा एका पेटीत, एका खिशात ठेवायचा नाही. पोस्टात किती शिल्लक ठेवायची याची मर्यादा ठरलेली, वरची रक्कम लाखेची मोहोर लावलेल्या पिशवीतून मोठ्या पोस्टाकडे जायची. तिकिटं, पाकिटं, पोस्टकार्डं हीसुद्धा रोकडच, तीही मोजायची. इन्स्पेक्टर अचानक यायचे ते आधी चहा घेत नसत. आधी पेटी उघडायला लावत, आणि तिकिटांसकट सगळी शिल्लक मोजून झाल्यावर मग पाणी. मोठ्या पोस्टांत तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकट्यानं उघडायचीच नाही.

हे सारं एकदम आलेलं नाही. १८५० मध्ये कंपनी सरकारनं कायदा केला की, सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकानं आधी जामीन द्यावा, आणि हिशेबात खोट आली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हावी. १८६० च्या दंडसंहितेत ४०९ कलम आलं. सरकारी नोकरानं विश्वासानं सोपवलेली रक्कम गिळली तर दहा वर्षांपर्यंतची कैद किंवा जन्मठेप. (जुलै २०२४ पासून हीच गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात आहे.) १८७३ मध्ये सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. १८८० मध्ये मनिऑर्डरचं काम टपाल खात्याकडे आलं, १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. तोवर पत्रं वाटणारं खातं दोन वर्षांत गरिबाचा सावकार नव्हे, गरिबाचा खजिनदार झालं. आणि १८९८ मध्ये भारतीय टपाल कायदा आला, तो सव्वाशे वर्षं चालला.

पण आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे विसरून चालणार नाही. हैदराबाद संस्थानाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. पहिलं तिकीट १८६९ चं. आणि मुख्य म्हणजे रुपया वेगळा. इथे हाली शिक्का चाले, पलीकडे बार्शी-सोलापूरला इंग्रजांचा कलदार. सरकारी दर असा की, शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. सोप्या भाषेत सहा कलदार म्हणजे सात हाली. संस्थानात इंग्रजांच्या टपालाचीही कार्यालयं होती आणि त्यांचा हिशेब कलदारचा. सोलापूरच्या गिरणीत राबणाऱ्या माणसानं सहा रुपये गावाकडे धाडले तर ते घरी सात होत, असं कागदावर. प्रत्यक्षात मधला दुकानदार बट्टा कापूनच हाली देई. एका जिल्ह्यात दोन रुपये असले की इफरात आणि तफरीत यांना ओट्यावर बसायला जागा मिळते. १९१८ नंतर निजामानं कागदी नोटा काढल्या, त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहिलेली असे. चार भाषांत एकच आकडा. कवी म्हणून मला त्या नोटांचं फार कौतुक आहे. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५० मध्ये त्याचं टपाल भारतीय टपाल खात्यात विलीन झालं, आणि हाली रुपयाही त्याच दशकात व्यवहारातून गेला.

त्याच १९५० साली राज्यघटना आली. तिच्या २६६ व्या अनुच्छेदात पैशाचे दोन मोठे रांजण सांगितले आहेत. सरकारचं स्वतःचं उत्पन्न जातं ते एकत्रित निधीत. लोकांनी ठेवायला दिलेला पैसा जातो तो लोकलेख्यात. पोस्टाचे पगार, पिशव्या, लाख यांचा खर्च पहिल्या रांजणातून होतो आणि त्याला संसदेची मंजुरी लागते. पण आमच्या फुफीनं पोस्टात ठेवलेले दहा रुपये दुसऱ्या रांजणात. ते तिला परत द्यायला संसदेत मतदान लागत नाही, कारण ते सरकारचे नाहीतच. सरकार तिथे फक्त राखणदार. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, अमानत.

सरकारी वित्तीय नियमांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याचा आशय असा की, सार्वजनिक पैसा खर्च करताना अधिकाऱ्यानं तेवढी दक्षता बाळगावी, जेवढी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या पैशाबाबत बाळगतो. मला हे वाक्य वाचून गुरुजी आठवतात आणि हसू येतं. स्वतःच्या पैशाबाबत गुरुजींना काडीचं शहाणपण नव्हतं. उसने दिलेले कधी लिहून ठेवले नाहीत, मागितले नाहीत. सरकारचा पैसा त्यांनी स्वतःच्या पैशासारखा हाताळला असता तर तुरुंगात गेले असते.

एकदा शंभर रुपये कमी भरले. बहुधा नवी कोरी नोट दुसरीला चिकटून गेली. शंभर म्हणजे त्यांच्या पोस्टाच्या महिन्याच्या भत्त्याचा मोठा हिस्सा. त्यांनी वाण्याकडून उसने आणले, दिवेलागणीच्या आत भरले आणि मग जेवले. अशा माणसाला खातं काय मानायचं? एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्याबाहेरचा. गावात 'ईडी' म्हणत. उपजीविकेचं दुसरं साधन असलंच पाहिजे ही अट, जागा त्याची, जबाबदारी त्याची, पेन्शन नाही. हे लोक सरकारचे नोकर तरी आहेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की, हे नागरी पदच आहे, आणि म्हणणं मांडायची संधी न देता यांना काढता येणार नाही. आता त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. नाव बरं आहे. नियमांनी पैशाची जेवढी काळजी वाहिली तेवढी ती मोजणाऱ्याची वाहिली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आणि पैसे ज्याचे, त्याचं काय? १८९८ चा कायदा त्याच्याशी जरा कोरडाच वागला. पाठवणाऱ्यानं पत्ता अपुरा लिहिला आणि मनिऑर्डर भलत्याला गेली, तर सरकारवर दावा चालत नसे. आमच्या गावात एकाच नावाच्या तीन शेखणी होत्या, आणि अम्मी त्यांतली एक. अब्बा पत्त्यात 'लिंबाच्या झाडाजवळ' लिहायला एकदा विसरले तर मनिऑर्डर दुसऱ्या घरी गेली. सुदैवानं ते घर भलं होतं. अंगठा उठवलेले पैसे त्यांनी जसेच्या तसे आणून दिले. दिले नसते तर कायद्यात सोय होती, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. दुष्काळी मुलखात त्या शब्दांची धास्ती वेगळी सांगायला नको.

कर्मचाऱ्यानंच लबाडी केली तर? उत्तर प्रदेशातल्या काही ठेवीदारांची किसान विकास पत्रं त्यांच्या नकळत वटवली गेली. मोठी रक्कम रोखीनं देऊ नये हा नियम असतानाही रोखीनं दिली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, आपल्या माणसानं कामाच्या ओघात केलेल्या फसवणुकीची भरपाई टपाल खात्यानंच करायची. राखणदाराच्या घरात चोर निघाला तर राखणदार बाहेरच्याकडे बोट दाखवू शकत नाही, हे स्पष्ट व्हायला इतकी वर्षं लागली. जून २०२४ पासून नवा टपाल कायदा लागू झाला आणि १८९८ चा गेला. जुन्या कागदी मनिऑर्डरचा फॉर्म तर त्याआधी २०१५ मध्येच संपला होता. त्याच्या कूपनवर अब्बा दोन ओळी लिहीत, मराठीतच, कारण शाळा तीच.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. तिकडे किल्लारी आणि इकडे सास्तूर. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमचं गाव कडेला होतं म्हणून भेगांवर निभावलं. गुरुजींची ओसरी पडली, पेटी मातीखालून काढली. पण सास्तूरच्या बाजूचे लोक विचारू लागले की, पासबुक मातीत गेलं, आता पैसे गेले का? नाही. रोजचा हिशेब मोठ्या पोस्टात जात होता, खातं तिथे लिहिलेलं होतं. आणि खातेदार वारसाचं नाव न लिहिता गेला असेल तर १८७३ च्या कायद्यात वाट होती. मृत्यूला तीन महिने होऊन गेले की लहान रकमा कोर्टाचा कागद नसला तरी हक्काच्या माणसाला देता येत.

तो सगळा हिवाळा गुरुजी पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे दावे लिहीत होते. अंगठ्याला साक्षीदार लागे. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, मी किती सह्या केल्या याची मोजदाद नाही. फुफीचा मुलगा गेला होता, एकोणीस वर्षांचा. बाजाराच्या दिवशी हमाली करून तो पोस्टात टाकायचा. खात्यावर निघाले व्याजासकट सदतीस रुपये. सरकारची मदत हजारांत आली होती, तिच्याकडे फुफी बघतही नव्हती. हा कागद मात्र तिनं चारदा विचारला. फेब्रुवारीत मंजुरी आली. गुरुजींनी सदतीस रुपये दोनदा मोजले, तिच्या हातावर ठेवले, आणि तिला मोजता येत नव्हतं म्हणून मला म्हणाले, "तू मोज. तिच्यासमोर. मोठ्यानं."