सोन्याची किल्ली आणि मुख्याध्यापकांची परवानगी

१९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या बड्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. त्यातल्या वीस लाखांवर भरून परत आल्या आणि त्यांच्या भरवशावर साप्ताहिकाने रूझवेल्ट हरणार असं छापून टाकलं. जॉर्ज गॅलपने त्या मानाने मूठभर, पण नीट पारखून निवडलेल्या लोकांना विचारलं आणि नेमकं उलट सांगितलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. साप्ताहिक थोड्याच काळात बंद पडलं आणि गॅलपचं नाव जनमत चाचणीला कायमचं चिकटलं. हाच गॅलप दहा वर्षं आधी शाळकरी पोरांच्या वार्ताहरकीत रमला होता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शाळेच्या वृत्तपत्राची चाल अर्थातच त्याच्याही फार आधीची. फिलाडेल्फियात १७७७ मध्ये, म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना, तिथल्या शाळकरी मुलांनी ‘स्टुडंट्स गॅझेट’ नावाचं हस्तलिखित पत्र चालवलं होतं. आपल्याकडे हस्तलिखित म्हटलं की वळणदार अक्षराची एखादी मुलगी, स्केचपेनची वेलबुट्टी आणि वार्षिक संमेलनातलं प्रकाशन आठवतं. बातमी त्यात सहसा नसतेच. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायस्कुलं झपाट्याने वाढली, काही शाळांत छपाईचं कामच शिकवायला लागले आणि शाळेचं पत्र हौसेतून निघून वेळापत्रकात जाऊन बसलं. १९१२ मध्ये कॅन्सस राज्यातल्या सलायना गावी हायस्कूलमध्ये पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. पाठोपाठ शालेय पत्रांच्या संघटना आल्या. १९२१ मध्ये पुढे मिनेसोटा विद्यापीठात स्थिरावलेली एक, १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची दुसरी.

पण या संघटनांचा भर अंकावर होता. मांडणी कशी, छपाई कशी, शाळेला कितवा नंबर. बातमी लिहिणाऱ्या एकट्या पोराच्या पाठीवर थाप कोण देणार?

गॅलपचा जन्म १९०१ चा, आयोवा राज्यातल्या जेफरसन या छोट्या गावातला. आयोवा विद्यापीठात शिकताना तो ‘डेली आयोवन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा संपादक होता, नंतर तिथेच पत्रकारिता शिकवू लागला. १० एप्रिल १९२६ रोजी, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याने हायस्कुलांतल्या काही मार्गदर्शक शिक्षकांना हाताशी धरून ‘क्विल अँड स्क्रोल’ ही संस्था काढली. शाळेच्या पत्रात खरंखुरं काम केलेल्या विद्यार्थ्यांना मानाचं सदस्यत्व द्यायचं, ही मूळ कल्पना. फुटबॉलपटूंचं कौतुक गावभर होतं, मग रात्री जागून मथळे जुळवणाऱ्यांनी काय पाप केलं, असा एकूण रोख.

त्याच सुमारास गॅलप डॉक्टरेटचं कामही करत होता, आणि ते काम मजेशीर होतं. तुम्ही पेपरात काय वाचता, असं विचारलं की सभ्य माणूस ‘अग्रलेख’ म्हणून मोकळा होतो. गॅलपने त्यावर तोडगा काढला. ताजा अंक वाचकासमोर उघडायचा आणि पहिल्या पानापासून रकान्यामागून रकाना दाखवत विचारायचं: हे वाचलंत? किती वाचलंत? जे वाचलं त्यावर तिथल्या तिथे खूण करायची. अशी अंकांची पानंच्या पानं खुणांनी भरली तेव्हा दिसलं, की संपादक ज्या मुख्य बातमीवर जीव टाकतात तिच्यापेक्षा चित्रकथा वाचणारे जास्त. १९२८ मध्ये त्याला पदवी मिळाली. जनमत चाचणीची मुळं या रकान्यांत आहेत. समोरच्याला काय वाटत असेल याची अटकळ बांधत बसण्यापेक्षा जाऊन विचारायचं, ही सवय गॅलपला पेपरवाल्यांच्या जगातच लागली.

तो पुढे जाहिरात क्षेत्रात गेला, जगप्रसिद्ध झाला. संस्था आयोवा विद्यापीठाच्या गावी, आयोवा सिटीतच राहिली. तिची वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा लेखनापासून छायाचित्रांपर्यंत आणि आता दृकश्राव्य कामापर्यंत पसरली आहे. बातमी, अग्रलेख, व्यंगचित्र, क्रीडावार्ता, सखोल शोधवार्ता, जाहिरातसुद्धा! अट साधी: काम शाळेच्या माध्यमात प्रसिद्ध झालेलं हवं. स्पर्धेसाठी घोटून लिहिलेला निबंध चालत नाही. वरच्या विजेत्यांना ‘गोल्ड की’, म्हणजे सोनेरी किल्ली, आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायची मुभा. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द जरा सैल हाताने वापरलेला आहे. परदेशातल्या शाळा आहेत, पण मैदान अमेरिकेचंच.

‘प्रसिद्ध झालेलं हवं’ ही अट दिसते तेवढी सोपी नाही. छापू दिलं तर बक्षीस. आणि छापू द्यायचं की नाही, हे कोण ठरवणार?

१९६५ मध्ये आयोवाच्याच डे मॉइन शहरात व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी धाडलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी, शाळेत मत मांडण्याच्या हक्काबाबत, मुलांची बाजू घेतली. पण १९८३ मध्ये मिझुरीतल्या हेझलवुड ईस्ट हायस्कूलच्या ‘स्पेक्ट्रम’ या पत्रातली दोन पानं मुख्याध्यापकांनी छपाईआधी काढून टाकली. एका लेखात शाळेतल्या गरोदर मुलींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाने मुलांवर होणारे परिणाम. जानेवारी १९८८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला: पत्र वर्गातल्या अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर शैक्षणिक कारणासाठी शाळा कात्री चालवू शकते. मान देणाऱ्या संस्था साठ वर्षं उभ्या होत्या, पण या कात्रीपुढे सोन्याच्या किल्लीचा काडीचा उपयोग नव्हता.

त्यावर उपाय काही राज्यांनी काढला. कॅलिफोर्नियाचा कायदा १९७७ पासून होताच. आयोवाने १९८९ मध्ये, कॅन्ससने १९९२ मध्ये विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण देणारे कायदे केले. कॅन्ससच्या कायद्याचं मोल २०१७ मध्ये कळलं. तिथल्या पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये नव्या मुख्याध्यापकांची नेमणूक झाली, तेव्हा ‘बूस्टर रीडक्स’ या शाळेच्या पत्राच्या सहा विद्यार्थ्यांनी त्यांच्या परिचयाचा साधा लेख हाती घेतला. पदव्या तपासताना एक विद्यापीठ काही केल्या सापडेना. मार्गदर्शक शिक्षिका निवड प्रक्रियेत सहभागी होत्या, म्हणून त्या या बातमीपासून बाजूला झाल्या. मुलांनी बाहेरच्या जाणकारांची मदत घेतली आणि ते विद्यापीठ मान्यताप्राप्त नसल्याचं छापलं. बातमी आल्यावर काही दिवसांतच नियोजित मुख्याध्यापकांनी पद सोडलं.

शाळाप्रमुखांना आधी दाखवून, त्यांच्या सहीनेच छापायचं असतं, तर ही बातमी निघालीच नसती. स्पर्धांनी शाळकरी पत्रकारितेला प्रतिष्ठा दिली, तिचा दर्जा वाढवला, हे निर्विवाद. अभय मात्र कायद्याने दिलं, आणि असा कायदा अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत अजूनही नाही.