बारडोलीचा माल परदेशात पाठवायचाय? इंग्रजी किती लागते, कुठे लागते

नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, सुरत. ताप्ती लाईनवरचा हा रस्ता खानदेशातल्या ऊसतोड टोळ्यांच्या पायाखालचा आहे. बारडोलीचं नाव १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर झालं, पुढे सहकारी साखर कारखान्याने ते टिकवलं. मात्र या पट्ट्यातला भाजीपाला किंवा गूळ थेट परदेशात विकायचा म्हटलं, की बरेच जण एकाच गोष्टीला अडतात : ‘आपलं इंग्रजी कच्चं आहे.’

पहिला ग्राहक ओळखीचा, पुढचा अनोळखी

बारडोली भागातली अनेक पाटीदार कुटुंबं ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंडमध्ये स्थायिक आहेत. तिथला दुकानदार नात्यातला असला तर व्यवहार गुजरातीत फोनवरच उरकतो. दुसरा ग्राहक मात्र ना नात्यातला असतो ना गावचा. त्याने ना शेत पाहिलेलं असतं ना माणूस. त्याच्या हातात फक्त तुमचा ईमेल आणि कोटेशन असतं. त्यावरूनच तो ठरवतो, पैसे गुंतवायचे की नाही.

मालाचं नाव त्याच्या बोलीत

आपण शाळेत भेंडीला ‘लेडीज फिंगर’ शिकलो. परदेशात त्या नावाचं बिस्कीट मिळतं. भेंडीला तिथे ‘ओक्रा’ म्हणतात. वांगं आपल्याकडे ‘ब्रिंजल’, ब्रिटनमध्ये ‘ऑबर्जीन’, अमेरिकेत ‘एगप्लांट’. शेवग्याची ‘ड्रमस्टिक’ तिकडे कोंबडीची तंगडी होते! म्हणून नावासोबत फोटो आणि एचएस कोड द्यावा. या कोडचे पहिले ६ आकडे जगभर सारखेच असतात.

आकडा, वजन, तारीख

लाख आणि कोटी परदेशी ग्राहकाला कळत नाहीत. १० लाख म्हणजे १ मिलियन, असंच लिहावं. नुसतं ‘टन’ लिहिणंही धोक्याचं. मेट्रिक टन १,००० किलोचा, अमेरिकेतला टन साधारण ९०७ किलोचा. तारीख ५/६ लिहिली तर आपल्याकडे ती ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की वाद मिटला.

भाडं कोणाचं?

दरापुढे ‘एफओबी न्हावा शेवा’ लिहिलं, की माल तिथे जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची, पुढचं सगळं घेणाऱ्याचं. ‘सीआयएफ’ म्हटलं तर ग्राहकाच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही विकणाऱ्यानेच भरायचा. जोखीम मात्र इथेही माल जहाजावर चढला की ग्राहकाकडे जाते. या शब्दांचे अर्थ ‘इन्कोटर्म्स २०२०’ या नियमावलीत ठरलेले आहेत. तीन अक्षरं चुकली, तर नफा भाड्यातच जातो.

बँक माल बघत नाही, कागद बघते

लेटर ऑफ क्रेडिटवर व्यवहार असेल तर ‘यूसीपी ६००’ चे नियम लागू होतात. बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त ५ कामकाजाचे दिवस मिळतात. इनव्हॉइसमधलं मालाचं वर्णन क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. अर्थ न बदलणारी टायपिंगची चूक सहसा खपते. मॉडेल नंबर उलटसुलट झाला तर पैसे अडकतात, मग माल कितीही चोख असो.

मग इंग्रजी कसं लिहायचं?

वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट. ‘काइंडली डू द नीडफुल’ म्हणण्याऐवजी नेमकं काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. ‘प्रीपोन’सारखा आपल्याकडचा शब्द टाळा. माल उशिरा निघणार असेल तर त्याच दिवशी कळवा, नवी तारीख द्या. फोनवर ठरलेलं लगेच ईमेलने लिहून पाठवा आणि त्याचा होकार लेखी घ्या.

यासाठी कॉन्व्हेंट शाळा लागत नाही. टोळीसोबत बारडोलीला जाणाऱ्या घरातली बारावी झालेली मुलगीही सरावाने हे कागद बिनचूक तयार करू शकते. निर्यातीच्या ऑफिसात रोज हेच काम असतं.