मेजर गिलची दोन भिंगे

१/ मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी नियुक्त झाला. पुढे त्याने कुंचल्याच्या जोडीला कॅमेराही घेतला. अजिंठ्यासह वऱ्हाडातील, अकोल्याच्या नैऋत्येस असलेल्या लोणारची मंदिरेही त्याने टिपली.

२/ हा कॅमेरा द्विनेत्री, म्हणजे स्टिरिओस्कोपिक होता. दोन डोळ्यांप्रमाणे शेजारी बसवलेली दोन भिंगे एकाच दृश्याची किंचित वेगळी दोन चित्रे घेत. दर्शकयंत्रातून पाहताना खांब पुढे येई आणि गाभारा मागे सरके.

३/ अडचण भिंगात नव्हती, त्यामागच्या काचेत होती. तिच्यावरील रसायनाला निळा प्रकाश चटकन जाणवे; तांबडा आणि पिवळा जवळजवळ जाणवतच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत तांबड्या-पिवळ्या मातीचे रंग भरपूर, आणि तीही अंधारात. त्यामुळे उन्हातील शिल्पे कॅमेऱ्याला साधली. रंग कुंचल्याकडेच राहिले.

४/ १८६४ मध्ये गिलची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह लेण्यांवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेल्या गिलच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या.

५/ प्रत्येक प्रतिकृती एकमेव होती. छायाचित्राच्या मात्र अनेक प्रती निघत. म्हणून दगडी शिल्पांची नोंद टिकली, आणि कॅमेऱ्याला जे रंग टिपता आले नव्हते, नेमके तेच आगीत गेले. लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहताना आजही गिलची जुनी छायाचित्रे सोबत ठेवावीत.