बांधावरचा एरंड आणि लंडनमधला खून

बांधावर, उकिरड्याच्या कडेला वाढणारा एरंड तुम्हांला नवा नाही. त्याचे तेल आपण पोट साफ होण्यासाठी घेतो. पण पेंड मात्र जाणता शेतकरी गुरांपुढे टाकीत नाही, खत म्हणून शेतात घालतो. बियांतले रिसिन नावाचे जहाल विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. शरीरातील पेशींचे प्रथिने तयार करण्याचे कामच ते बंद पाडते. (रिसिनस म्हणजे लॅटिनमध्ये गोचीड. बी पाहा, नाव पटेल!)

या ओळखीच्या झाडाचे नाव एका खुनाशी जोडलेले आहे. गेओर्गी मार्कोव्ह हा बल्गेरियाचा लेखक. १९६९ साली त्याने देश सोडला आणि पुढे लंडनला बी.बी.सी.त नोकरी धरली. रेडिओ फ्री यूरोपवरूनही तो भाषणे देई आणि झिव्हकोव्ह यांच्या कम्युनिस्ट राजवटीचे वाभाडे काढी. म्हणजे नभोवाणीवर बोलणाराच माणूस.

७ सप्टेंबर १९७८ रोजी वॉटर्लू पुलाजवळ बसच्या थांब्याशी असताना त्याच्या मांडीत मागून काहीतरी टोचले. वळून पाहतो तो एक माणूस खाली पडलेली छत्री उचलतो आहे. माफी मागून तो टॅक्सीतून निघून गेला. पुढे मार्कोव्हला सणसणून ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. ११ सप्टेंबरला तो इस्पितळात वारला. वय अवघे एकोणपन्नास.

शवचिकित्सेत मांडीतून टाचणीच्या डोक्याएवढी एक धातूची गोळी निघाली. प्लॅटिनम व इरिडियम यांची, दोन बारीक छिद्रे पाडलेली. पण विष? ते गोळीत नव्हते, आणि शरीरातही सापडले नाही. मग रिसिनचे नाव आले कोठून?

इथेच खरी गंमत आहे. त्या छिद्रांत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा विष मावत नव्हते. इतक्या थोडक्यात धडधाकट माणूस मारणारी विषे बोटांवर मोजण्याइतकी. धनुर्वात, घटसर्प यांची विषे घ्यावीत, तर लक्षणे जुळेनात. एकेक नाव गळत गेले आणि रिसिन उरले. पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत एका डुकराला ते टोचले. डुकराची अवस्था मार्कोव्हसारखीच होऊन ते मेले. त्याआधी काही दिवस पॅरिसमध्ये व्लादिमीर कोस्तोव्ह या दुसऱ्या बल्गेरियन निर्वासितालाही असेच टोचले होते. तो वाचला, आणि त्याच्या पाठीतून तशीच गोळी काढण्यात आली.

हा पुरावा पावलांच्या ठशांवरून चोर ओळखण्यासारखा आहे हे खरे. तरी मला तो पटतो. छत्रीचे मात्र तसे नाही. गोळी छत्रीतूनच सुटली असे जगभर सांगतात, पण ते कोणी सिद्ध केलेले नाही. विष कळले म्हणून हात कळला असे थोडेच होते?

सोव्हिएट गुप्तहेर खात्यातील माजी अधिकारी कालुगिन यांनी पुढे सांगितले की, बल्गेरियाला आपल्या खात्याने मदत केली होती. १९८९ साली बल्गेरियातील ती राजवट कोसळली, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता. मार्कोव्ह प्रकरणाची कागदपत्रे नष्ट केल्याबद्दल तेथील हेरखात्याच्या एका माजी प्रमुखाला शिक्षा झाली. खुनाबद्दल कोणालाच नाही. चौकशीचे एरंडाचे गुऱ्हाळ चालूच राहिले. २०१३ साली, पस्तीस वर्षांची मुदत भरली म्हणून, बल्गेरियाने ती बंद केली.