पाया खणण्यापूर्वी

आपल्याकडे गावाच्या भुईला दोन नावे आहेत. घरे उभी राहतात ती पांढरी आणि पीक उभे राहते ती काळी. परभणी जिल्ह्यातील कोणतेही जुने गाव पाहा, ते बहुधा थोड्या उंचवट्यावर, पाण्यापासून जवळ परंतु पुराच्या रेषेच्या वर वसलेले आढळेल. ही जागा कोणा अभियंत्याने निवडलेली नव्हती. ओढा कुठवर चढतो, पावसाळ्यात बैलगाडी कुठे रुतते, उन्हाळ्यात विहिरीला पाणी कुठे राहते, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि मग घरे बांधली.

शाळा मात्र गावात सर्वांत शेवटी आली. तोवर पांढरीत जागा उरली नव्हती. मग तिच्या वाट्याला आले गायरानाचे टोक, ओढ्याकाठचा तुकडा किंवा कोणा सज्जनाने दान दिलेला काळीतला कोपरा. दान दिलेल्या जागेला नावे ठेवू नयेत हे खरे. परंतु गावाने स्वतःच्या घरासाठी जी पाहणी केली ती मुलांच्या घरासाठी कोणी केली नाही, हेही तितकेच खरे आहे. शाळागृहाचा इतिहास बहुधा कोनशिलेपासून सांगितला जातो. आम्ही आज कोनशिलेच्या अगोदरचा भाग सांगणार आहोत. मुले किती येतील, कुठून येतील, जमीन कशी आहे, पाणी कुठे आहे, पैसा किती लागेल आणि पुढे डागडुजी कोण करील, हे प्रश्न आपल्या जिल्ह्यात कधी विचारले गेले आणि कधी विचारावयाचे राहिले, एवढाच आमचा विषय आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या काळी खेड्यातली शाळा म्हणजे एखाद्या देवळाची ओसरी, गावची चावडी किंवा भाड्याने घेतलेल्या वाड्याची ढेलज. सरकारी शिक्षणात उर्दूचे वर्चस्व, आणि खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी. अशा स्थितीत ज्यांनी मराठी शाळा चालविल्या त्यांना शाळा टिकविण्याची चिंता होती. इमारत ही फार पुढची गोष्ट.

परंतु राज्याला इमारतीची पूर्वतयारी ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या जागेसंबंधी नगररचनाशास्त्राचे जगप्रसिद्ध आचार्य पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला. पुढे १९३०च्या सुमारास झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोघांना युरोप, अमेरिका, जपान, तुर्कस्थान, इजिप्त अशा दूरदूरच्या देशांत धाडण्यात आले. काम एकच : तिथल्या विद्यापीठांच्या इमारती पाहून याव्यात. त्यानंतर अर्न्स्ट जास्पर या बेल्जियन वास्तुविशारदाकडे आराखड्याचे काम आले, १९३४ साली पायाभरणी झाली आणि १९३९ साली कला महाविद्यालयाची ती भव्य ग्रॅनाइटची इमारत खुली झाली. विद्यापीठ सुरू होऊन एकवीस वर्षे लोटली होती. तोवर वर्ग भाड्याच्या घरांतून भरत होते. या विलंबाला कोणी दिरंगाई म्हणेल. पण ज्यांनी ती इमारत पाहिली आहे ते तसे म्हणण्यापूर्वी थोडा विचार करतील.

आता याच १९१८ सालची परभणीची गोष्ट ऐका. त्या वर्षी निजाम सरकारने परभणीस शेतीचे प्रयोगक्षेत्र काढले. पुढे इथल्या गावरानी कपाशीवर बरेच संशोधन झाले, १९५६ साली कृषी महाविद्यालय आले आणि १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ. म्हणजे परभणीच्या काळ्या मातीची विचारपूस शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. ती किती पाणी धरते, कधी फाटते, तिच्यात मूळ किती खोल जाते, हे सरकारला कपाशीसाठी जाणून घ्यावयाचे होते. हीच माती शाळेची भिंत धरील काय, हे मात्र तिला कोणी विचारले नाही. राजधानीतल्या विद्यापीठासाठी जगाची फेरी आणि कपाशीसाठी प्रयोगक्षेत्र. खेड्यातल्या बालवर्गासाठी एक हातभर खड्डासुद्धा नाही! कपाशीचा सारा येतो, बालवर्गाचा येत नाही, एवढेच याचे कारण आम्हांला दिसते.

या मातीविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण सगळी मेख तिथेच आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत हात घालून पाहिला नाही असा शेतकऱ्याचा मुलगा आपल्याकडे सापडावयाचा नाही. ज्या भुईत अशी भेग पडते, तिच्यावर उथळ पायाची भिंत उभी केली तर ती दर पावसाळ्यात थोडी उचलली जाते आणि दर उन्हाळ्यात थोडी खचते. आणि दुर्दैव असे की सगळीकडे सारखी नव्हे. कोपऱ्यातून, खिडकीच्या वरून तिरपी चीर जाते. गवंडी ती सिमेंटने बुजवितो, पुढल्या वर्षी ती पुन्हा उघडते. गवंड्याचा यात काही दोष नाही.

उपाय नाही असे नाही. जुने कारागीर मुरूम लागेपर्यंत खणत. मुरूम फार खोल असेल तेव्हा काय करावे, याचे उत्तर १९४७ साली निघालेल्या रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने शोधले. जमिनीत खोल भोक पाडून तळाशी त्याला फुगीर आकार द्यावयाचा, त्यात काँक्रीटचा खांब ओतावयाचा आणि अशा खांबांच्या डोक्यावर तुळई टाकून तिच्यावर भिंत उचलावयाची. वरची माती फुगो वा आक्रसो, खांबाचा तळ जिथे ओल बदलत नाही अशा थरात रुतलेला असतो. ही पद्धत काळ्या मातीसाठीच विकसित झाली. पण ती वापरावी की नुसता मुरमापर्यंतचा पाया पुरेल, हे समजण्यासाठी आधी एक खड्डा खणावा लागतो. त्याला दोन मजुरांचा एक दिवस लागतो. एवढ्या स्वस्त ज्ञानासाठी आम्ही इतकी वर्षे का थांबलो, याचा उलगडा होत नाही.

आमच्या पाहण्यातील एक शाळा सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोन खोल्या, पुढे पडवी, समोर ध्वजाचा कट्टा. जागा ओढ्याच्या वळणावर होती, कारण तेवढीच फुकट मिळाली. पहिल्याच श्रावणात पडवीपर्यंत पाणी आले. तिसऱ्या वर्षी एका खोलीला कुलूप लागले आणि दोन्ही वर्ग एका खोलीत आले. गावातल्या एका म्हाताऱ्याला आम्ही विचारले, ‘बाबा, पाणी इथवर येतं हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का?’ तो म्हणाला, ‘ठाऊक होतं की! पण आम्हांला इचारलं कुणी?’

स्वातंत्र्यानंतर विचारण्यास आरंभ झाला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढल्याच वर्षी, १९५७ साली, पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण हाती घेण्यात आले. या सर्वेक्षणाने गाव हा घटक न धरता वस्ती हा घटक धरला. कागदावर एक गाव असले तरी प्रत्यक्षात गावठाण एकीकडे, तांडा दुसरीकडे, ओढ्यापलीकडे चार-सहा घरांची वाडी. सहा वर्षांच्या मुलाला शाळेपर्यंत किती चालावे लागते, हा प्रश्न नकाशा पुढे ठेवून विचारण्यात आला. जिंतूरच्या डोंगराळ भागात ज्यांनी तांडे पाहिले आहेत त्यांना या प्रश्नाचे मोल सांगावयास नको. तिथे मैलाचे अंतर मैलाचे नसते; मध्ये ओढा असला तर पावसाळ्यात ते अंतर अनंत होते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्यात पूर्वीच्या सरकारी माध्यमिक शाळाही त्यांच्याकडे आल्या. म्हणूनच आपल्याकडे ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हा शब्द रुळला. शाळा वाढल्या, खोल्या वाढल्या. पण शाळा कुठे हवी याचे सर्वेक्षण झाले तरी त्या ‘कुठे’ची जमीन कशी आहे, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. शिक्षण खाते मुले मोजी, बांधकाम खाते चौरस फूट मोजी.

१९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक आणि सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या, हा तिचा संकल्प. संकल्प उत्तमच होता. खोल्यांचा पैसा मात्र बव्हंशी ग्रामीण रोजगाराच्या योजनांतून यावयाचा होता, आणि सरकारी पैसा मार्चअखेर संपवावा लागतो. ज्या कामाचा मुहूर्त मार्चअखेरीस लागतो त्याच्या जागेची पाहणी कोण करणार? पावसाळ्यात जागा कशी दिसते हे तर मुळीच दिसत नाही. मार्चमध्ये प्रत्येक ओढा कोरडा असतो.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. दगड आणि चिखलाच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. झोपेतली हजारो माणसे त्याखाली गेली. तोवर लातूर-उस्मानाबादचा तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ साली देशाचा भूकंपनकाशा बदलला, तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. तो सकाळी अकरा वाजता झाला असता तर, हा विचार त्या दिवसांत मराठवाड्यातील प्रत्येक शिक्षकाच्या मनात येऊन गेला असेल.

दुसऱ्याच वर्षी, १९९४ साली, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात जे पाच जिल्हे निवडले गेले त्यांत औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद यांच्याबरोबर परभणी होती. तेव्हाच्या परभणीत हिंगोलीही होती. ती १ मे १९९९ रोजी वेगळी झाली. स्त्रियांच्या साक्षरतेत राष्ट्रीय सरासरीच्या मागे असणे ही निवडीची एक कसोटी होती. म्हणजे मान मिळाला तो मागासपणामुळे! असो. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की या कार्यक्रमात आधी अभ्यास आणि मग खर्च असा क्रम होता. मुलांना काय येते याची पायाभूत चाचणी, मुली शाळेत का येत नाहीत याचा अभ्यास, आणि मग जिल्ह्याने स्वतः केलेली योजना. आणखी एक अट अशी की बांधकामावर एकूण खर्चाच्या २४ टक्क्यांहून अधिक रक्कम जाऊ नये. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली. त्या काळी पुष्कळांना ही अट जाचक वाटली. आमचे मत निराळे आहे. पैशाला कुंपण असले म्हणजे माणूस विचार करू लागतो : नवी खोली हवी की जुनीचे छप्पर पुरे, खोली हवी की मुलींसाठी आडोसा. बांधकामात ग्रामशिक्षण समित्यांनाही स्थान मिळाले, आणि त्या म्हाताऱ्याला विचारण्याची सोय प्रथमच कागदावर आली. कागदावरून ती प्रत्येक गावात उतरली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, क्रीडांगण, कुंपण, अपंग मुलाला विनाअडथळा प्रवेश, हे सगळे कायद्यात आले. यादी चांगली आहे. पण याद्यांचाही एक धोका असतो. स्वच्छतागृह आहे यावर खूण होते. त्याला फेब्रुवारीनंतर पाणी आहे काय, यासाठी रकाना नसतो. आपल्या जिल्ह्याखाली काळा कातळ आहे, आणि शंभर हातांच्या अंतरात एका बोअरला पाणी लागते, दुसरी कोरडी जाते. पाणी आधी पाहावे आणि मग स्वच्छतागृहाची जागा ठरवावी, इतकी साधी गोष्ट आहे. मोठ्या वर्गातल्या मुली शाळा का सोडतात, याची चर्चा आपण तासन्‌तास करतो. तिचे एक उत्तर त्या कोरड्या नळाखाली उभे राहून मिळते.

आणि मुले मोजण्याचेही शास्त्र आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या निघतात. आईबापांबरोबर मुलेही जातात. जूनचा पट आणि जानेवारीची हजेरी यांत जे अंतर पडते ते हजेरीपुस्तकाच्या बंद कपाटात राहते. जूनचा आकडा धरून खोल्या बांधाव्यात तर निम्मे वर्ष त्या रिकाम्या. जानेवारीचा धरावा तर पावसाळ्यात मुले पडवीत. अशा गावात खोलीपेक्षा मागे राहणाऱ्या मुलांसाठी निवाऱ्याची सोय अधिक निकडीची असू शकते. हे ठरवावयाचे तर गावात दोनदा जावे लागते, एकदा पेरणीच्या वेळी आणि एकदा तोडणीच्या. २०२३ साली कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला, तेव्हाही वाद झाला तो पटाच्या आकड्यावर. तांड्यापासून समूहशाळेपर्यंतच्या वाटेवर ओढा आहे काय, हा १९५७चा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, परभणी, नांदेड या भागांत भूकंपाचे धक्के बसले. मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता आणि त्याचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. मार्च महिना, सकाळच्या शाळांचे दिवस. मुले घरून निघण्यापूर्वीच धरणी हलून थांबली होती. अशा वेळी शाळेची भिंत तपासावयास येणाऱ्या माणसाला प्रथम एकच गोष्ट हवी असते : ही चीर आजची आहे की काळ्या मातीने दहा वर्षांपूर्वीच पाडलेली? त्यासाठी इमारत बांधली त्या दिवसाची नोंद लागते. खड्डा किती खोल होता, मुरूम किती हातांवर लागला, पाया कुठवर गेला, पहिली चीर कोणत्या उन्हाळ्यात दिसली. मुख्याध्यापकांच्या कपाटात कोनशिलेच्या समारंभाचे छायाचित्र बहुधा सापडते. त्या खड्ड्याचा कागद सापडला तर तो आम्हांस अवश्य दाखवावा.