संगणकाची निद्रावस्था व जागृतीतील बिघाड : शोधपद्धतीचा ऐतिहासिक आढावा (इ.स. १९९२ ते २०१५)

प्रस्तावना :
वैयक्तिक संगणकास प्रारंभी दोनच अवस्था होत्या. तो चालू असे किंवा बंद असे. 'निद्रावस्था' ही तिसरी अवस्था विजेची व वेळेची बचत या दोन हेतूंनी निर्माण झाली. इ.स. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'एनर्जी स्टार' ही योजना सुरू केली व तिच्या कक्षेत सर्वप्रथम संगणक आणि मॉनिटर आणले. त्याच वर्षी इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट, म्हणजेच एपीएम, हे मानक पुढे आणले. तथापि निद्रिस्त संगणक जागा होताना पडदा काळाच राहणे, यंत्र गोठणे किंवा ते आपोआप नव्याने सुरू होणे, या तक्रारी या सोयीबरोबरच वाढत गेल्या. जतन न केलेले काम नष्ट झाल्याचा अनुभव एकदा आला की वापरकर्ता निद्रावस्थेवर विश्वास ठेवीत नाही. तो यंत्र रात्रभर चालूच ठेवतो आणि बचतीचा मूळ हेतू विफल होतो. या बिघाडाचा शोध घेण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जबाबदारीचा प्रश्न :
एपीएम पद्धतीत निद्रेची सूत्रे मुख्यतः बायोसच्या हाती होती. कार्यप्रणालीला न कळविता बायोस यंत्राचा एखादा भाग मंद वा बंद करू शकत असे. परिणामी, उपकरणांविषयी कार्यप्रणालीची असलेली समजूत आणि त्यांची प्रत्यक्ष अवस्था यांत तफावत पडे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी मांडलेल्या एसीपीआय या मानकाने हा अधिकार कार्यप्रणालीकडे सोपविला. या मानकात निद्रेच्या पायऱ्या निश्चित करण्यात आल्या. त्यांपैकी एस-३ या पायरीत मेमरीचा वीजपुरवठा चालू राहतो, पण प्रोसेसर व बहुतेक उपकरणे बंद होतात. एस-४ मध्ये मेमरीतील सर्व मजकूर हार्ड डिस्कवर उतरविला जातो.

निर्णयाचा अधिकार एकवटला, तरी कृती मात्र अनेकांच्या हाती राहिली. एस-३ मध्ये ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणे आपापली अंतर्गत मांडणी विसरतात. निद्रेपूर्वी ती मांडणी टिपून ठेवणे व जागृतीनंतर पूर्ववत करणे हे प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरचे काम असते. एका ड्रायव्हरने हयगय केली तरी दोष संपूर्ण यंत्राचा भासतो. त्यातच एसीपीआयची कोष्टके मदरबोर्डचे व संगणकाचे उत्पादक लिहीत, आणि त्यांची चाचणी बहुधा विंडोजवरच होत असे. जानेवारी १९९९ मधील एका अंतर्गत पत्रात बिल गेट्स यांनी एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते मर्यादित करता येतील का, असा विचार बोलून दाखविला होता. आयोवा राज्यातील मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात हे पत्र पुराव्यादाखल उघड झाले. यावरून निद्रावस्थेच्या तांत्रिक प्रश्नाला व्यापारी स्पर्धेचीही बाजू होती, हे लक्षात येते.

साक्षीदाराचा अभाव :
सामान्य बिघाडात यंत्र मागे काही नोंद ठेवते. जागृतीच्या क्षणी मात्र पडदा, हार्ड डिस्क व नेटवर्क ही नोंदीची साधनेच अजून निद्रिस्त असतात. वापरकर्ता नाइलाजाने बटण दाबून यंत्र बंद करतो आणि मेमरीतील उरलासुरला पुरावाही पुसला जातो. विंडोजमध्ये ड्रायव्हर विजेच्या अयोग्य अवस्थेत अडकल्यास निळ्या पडद्यावर ०x९एफ हा संकेतांक दिसतो. परंतु यंत्र तेवढे बोलण्याइतके जागे झाले, तरच हा संकेतांक उपयोगी पडतो.

लिनक्सवरील जाणकारांनी साधे उपाय योजिले. पडदा काळा असताना कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलतो का, हे ते पाहत. दिवा बदलल्यास यंत्र जागे असून दोष केवळ दृश्य भागाचा आहे, असे अनुमान निघे. अनेक यंत्रांत जागृतीच्या वेळी बायोस ग्राफिक्स कार्डाची प्रारंभिक मांडणी करीत नसल्याने असे घडे. इ.स. २००९ पासून पडद्याच्या मांडणीचे काम टप्प्याटप्प्याने लिनक्सच्या कर्नेलकडे आल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली.

इ.स. २००६ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी 'पीएम ट्रेस' ही युक्ती कर्नेलमध्ये आणली. यंत्र नव्याने सुरू केल्यावरही टिकणारी एक जागा प्रत्येक संगणकात असते; ती म्हणजे बॅटरीवर चालणारे त्याचे घड्याळ. जागृतीच्या प्रत्येक टप्प्यावर, चालू असलेल्या कामाची सांकेतिक खूण या घड्याळात तारीख व वेळ म्हणून लिहिली जाऊ लागली. यंत्र गोठल्यास ते त्वरित पुन्हा सुरू करावे. मग कर्नेल घड्याळातील खुणेशी जुळणारे उपकरण शोधून सांगतो. घड्याळ चुकते, पण संशयित सापडतो. पुढे 'पीएम टेस्ट' या सोयीमुळे निद्रेची प्रक्रिया पायरीपायरीने तपासता येऊ लागली. प्रथम केवळ चालू कामे थांबवून पाहावीत, नंतर उपकरणे, त्यानंतर अधिक खोलवरचे भाग. ज्या पायरीवर यंत्र परत येत नाही, तेथे दोष शोधावा.

जबाबदारीचे नवे स्थलांतर :
इ.स. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांस उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने 'संमिश्र निद्रा' आणली. मेमरी जागती ठेवूनच तिची प्रत हार्ड डिस्कवर लिहिली जात असल्याने वीज गेली तरी काम वाचू लागले. इ.स. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत वेगळी दिशा दिसली. फोनप्रमाणे यंत्र पूर्ण झोपवायचे नाही, केवळ अत्यल्प विजेवर ठेवायचे, ही ती कल्पना होय, इ.स. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत ती 'मॉडर्न स्टँडबाय' या नावाने विस्तारली. पुढे अनेक लॅपटॉपमधून एस-३ ही पायरीच वगळण्यात आली. त्यामुळे प्रश्न संपला नाही, त्याचे रूप पालटले. 'जागा का होत नाही' या तक्रारीशेजारी 'झोपत का नाही' ही तक्रार आली. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापू लागला व बॅटरी उतरू लागली.

निष्कर्ष :
१. जागृतीतील बिघाड बहुधा एका भागाचा असतो. परंतु जबाबदारी बायोस, कार्यप्रणाली व ड्रायव्हर यांत विभागलेली असल्याने तो साऱ्या यंत्राचा भासतो.
२. निर्णयाचा अधिकार एकाकडे सोपविल्याने हा बिघाड नाहीसा झाला नाही. पुरावा टिकविण्याच्या साधनांनी मात्र तो शोधता येण्याजोगा केला.
३. बायोस व ड्रायव्हर अद्ययावत करणे, उपकरणे एकेक करून वेगळी काढणे व प्रत्येक बदलानंतर पुन्हा चाचणी घेणे, ही आजही प्रचलित असलेली रीत याच अनुभवातून घडली आहे. एका वेळी एकच बदल केला, तरच कारण व परिणाम यांचा संबंध सिद्ध होतो.