काच, प्रकाश आणि राज्यसत्ता : चेकोस्लोव्हाकियातील वास्तुशिल्पीय काचकला (१९४८–१९८९)

प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपातील चर्चवास्तूंमध्ये रंगीत काचेला मानाचे स्थान होते. परंतु तेथे काच ही मुख्यतः भिंतीतील गवाक्ष भरून काढणारी, सपाट व चित्रमय अशी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेकोस्लोव्हाकियात या संबंधात मूलभूत बदल घडून आला. काचेला जाडी, वजन व आकार लाभला आणि ती वास्तूचा अलंकार न राहता वास्तूशी व प्रकाशाशी संवाद साधणारे स्वतंत्र शिल्प बनली. स्तानिस्लाव लिबेन्स्की (१९२१–२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा (१९२४–२०२०) हे कलावंत दांपत्य या बदलाचे प्रमुख प्रवर्तक होत. त्यांच्या कार्याच्या आधारे, साम्यवादी राजवटीत काचकलेस लाभलेले स्वातंत्र्य नेमके कोणत्या स्वरूपाचे होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी पक्षाने सत्ता हस्तगत केली. त्यानंतर चित्र व शिल्प या कलांवर समाजवादी वास्तववादाचे बंधन आले. काचेची गणना मात्र उपयोजित कलेत होत असे. शिवाय बोहेमियाची काच हे परकीय चलन मिळवून देणारे जुने निर्यातक्षम उत्पादन होते. त्यामुळे कॅनव्हासवर जो अमूर्त आकार संशयास्पद ठरला असता, तो काचेत सजावट म्हणून सहज खपून गेला.

उत्तर बोहेमियातील झेलेझ्नी ब्रोद हे गाव या घडामोडींचे केंद्र होते. ब्रिख्तोव्हा यांचे वडील यारोस्लाव ब्रिख्ता हे तेथील काचविद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक. १९५४ मध्ये लिबेन्स्की या विद्यालयाचे प्रमुख म्हणून आले आणि दोघांच्या सहकार्यास प्रारंभ झाला. लिबेन्स्की रेखाटन करीत, तर ब्रिख्तोव्हा त्यास मातीत त्रिमित रूप देत.

तंत्र आणि प्रकाशविचार

त्यांचे माध्यम होते साच्यात वितळवलेली काच. मातीच्या नमुन्यावरून उष्णता सहन करणारा साचा तयार केला जाई. त्यात काचेचे तुकडे भरून भट्टीत वितळवले जात. नंतर ही काच अत्यंत सावकाश थंड करावी लागे, अन्यथा अंतर्गत ताणामुळे ती तडकत असे. एकाच रंगाची काच पातळ ठिकाणी फिकी आणि जाड ठिकाणी गडद दिसते. म्हणजेच जाडी कमी-अधिक करून केवळ एका रंगातून छायाप्रकाशाची संपूर्ण श्रेणी साधता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी आकृती काचेच्या मागील बाजूने आत खोल कोरण्याची रीत विकसित केली. समोरून पाहणाऱ्यास ती पोकळी काचेच्या अंतरंगातील उठावासारखी भासते. दिवस जसा कलतो तसे शिल्पही पालटत जाते. प्रकाश हा येथे शिल्पाचा घटकच ठरतो.

वास्तूशी संवाद

१९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनास सर्वोत्कृष्ट दालनाचा बहुमान मिळाला. प्रागैतिहासिक गुहाचित्रांची आठवण करून देणारी प्राणिरूपे कोरलेली काचेची शिळा काँक्रीटच्या भिंतीत बसवून या दांपत्याने तेथे भिंत आणि शिल्प यांतील सीमारेषाच पुसून टाकली. पुढे प्रागच्या सेंट विटस कॅथेड्रलमधील सेंट व्हेन्सेस्लास चॅपेलसाठी त्यांनी अमूर्त रचनेची गवाक्षे घडविली. चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे व रत्नखचित भिंती असलेल्या या वास्तूत नव्या काचेने जुन्याशी स्पर्धा न करता त्यास प्रकाश पुरविणे, हे खरे आव्हान होते.

ओसाका, १९७० : स्वातंत्र्याची मर्यादा

२०-२१ ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातील देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि प्रागमधील सुधारणापर्व संपुष्टात आले. त्यानंतर दोनच वर्षांच्या आत ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ‘जीवनाची नदी’ हे सुमारे २२ मीटर लांबीचे काचशिल्प मांडण्यात आले. काचेचा हा प्रवाह शेवटाकडे गोठत जातो, आणि त्या गोठलेल्या पृष्ठभागावर सैनिकी बुटांचे ठसे उमटवलेले होते. त्यांचा अर्थ कोणास सांगण्याची गरज नव्हती. अधिकाऱ्यांनी ते ठसे काढून टाकण्यास भाग पाडले.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. बारा वर्षे अमूर्त काचेस राज्यसत्तेने आक्षेप घेतला नव्हता, उलट तिचा राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठी उपयोग करून घेतला. आक्षेप आला तो काचेने समकालीन घटनेची नोंद करताच. यावरून असे दिसते की, काचेस मिळालेली मोकळीक ही कलेविषयीच्या उदारतेतून आलेली नव्हती. काच काही बोलू शकते यावर सत्तेचा विश्वास नव्हता, हेच तिचे मूळ होते.

तथापि, या इतिहासाकडे केवळ प्रतिकाराची कथा म्हणून पाहणेही एकांगी ठरेल. टनावारी काच, भट्ट्या आणि भव्य वास्तू यांची साधने राज्याच्याच हाती होती. लिबेन्स्की १९६३ पासून १९८७ पर्यंत प्रागच्या उपयोजित कला अकादमीत प्राध्यापक होते. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या नव्या रंगमंचाचा, वास्तुविशारद कारेल प्रागेर यांच्या इमारतीचा, दर्शनी भाग त्यांनीच योजिलेल्या हजारो काचठोकळ्यांनी घडविला आहे. आश्रयदाता व नियंत्रक एकच असताना कलावंताला दोहोंशी एकाच वेळी व्यवहार करावा लागतो.

निष्कर्ष

लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांचे योगदान तंत्रापुरते सीमित नाही. पारदर्शक वस्तूलाही अंतरंग असते आणि ते योग्य प्रकाशातच प्रकट होते, हे त्यांनी सिद्ध केले. ओसाका येथील ठसे पुसले गेले, तरी ते पुसावे लागले ही घटना इतिहासात नोंदली गेली. सजावट म्हणून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या कलांकडे राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची आवश्यकता या उदाहरणातून अधोरेखित होते.